जुन्या सुटाचा सायंकालीन पोशाख : इंग्लंडमधील पुनर्शिवणकामाचा सामाजिक इतिहास (१८४० ते १९४९)

प्रास्ताविक

वस्त्रांच्या इतिहासाचे लेखन बहुधा नव्या वस्त्राभोवती फिरते. कोणत्या राजाने काय नेसले, कोणत्या शिंप्याने कोणता बेत प्रथम काढला, कोणती गिरणी केव्हा सुरू झाली, याची नोंद होते. परंतु एकदा वापरलेला कोट पुढे कोठे गेला, कोणी उसवला आणि कोणाच्या अंगावर पुन्हा चढला, हा प्रश्न मागे पडतो. वस्तुतः एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये बहुसंख्य लोकांच्या अंगावरील चांगले कापड हे दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले असे. या व्यवहारातील सर्वांत अवघड प्रकार म्हणजे जुन्या सुटापासून संध्याकाळच्या औपचारिक मेजवानीचा पोशाख तयार करणे. अवघड अशासाठी की, या पोशाखाचे नियम अत्यंत काटेकोर होते आणि तो अंगावर नसेल तर काही दारे उघडतच नसत.

या दारांतून अल्प उत्पन्नाचा मनुष्य आत कसा गेला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. त्याचे श्रेय सामान्यतः शिष्टाचार सैल होण्याला दिले जाते. पुराव्याकडे शिंप्याच्या नजरेने पाहिले असता मात्र वेगळेच कारण पुढे येते. पोशाखाची रचना बदलली, आणि साधा सूट त्या रचनेच्या इतका जवळ आला की कात्री, रेशमाचा तुकडा आणि फीत एवढ्यावर उरलेले अंतर तोडता येऊ लागले.

काळ्या रंगाचे राज्य

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बो ब्रमेल (१७७८–१८४०) याच्या प्रभावाने इंग्रज पुरुषांच्या पोशाखातून जर, कलाबूत आणि भडक रंग हद्दपार झाले. शतकाच्या मध्यापर्यंत संध्याकाळसाठी काळा टेलकोट, काळी विजार आणि पांढरा टाय हा पोशाख जवळजवळ गणवेशासारखा स्थिर झाला. सर्व पुरुष सारखे दिसावेत, श्रीमंतीचा डौल कपड्यावर नव्हे तर बेतात आणि वागण्यात दिसावा, ही त्यामागील कल्पना होती.

या कल्पनेत एक विसंगती दडलेली होती. पोशाख जितका एकसारखा, तितकी त्याची नक्कल सोपी. जरीचा अंगरखा गरिबाला मिळवता येणे अशक्य. काळा कोट मात्र जुन्या बाजारात मिळू शकत होता. शिवाय हाच पोशाख जेवण वाढणारा वेटर घालत असे आणि वाद्यवृंदातील वादकही घालत असे. पाहुणा कोण आणि वाढपी कोण, हा गोंधळ त्या काळच्या विनोदाचा एक हुकमी विषय होता. वेटरच्या दृष्टीने मात्र यात विनोद नव्हता. त्याच्यासाठी टेलकोट ही हौस नसून नोकरीची अट होती, आणि तो त्याला बहुधा स्वतःच्या खिशातूनच मिळवावा लागे. हौसेने मेजवानीला जाणारा कारकून आणि पोटासाठी तेथे उभा राहणारा वेटर हे दोघेही एकाच जुन्या बाजाराचे गिऱ्हाईक होते.

हाउंड्सडिचचा बाजार

लंडनमध्ये जुन्या कपड्यांचा व्यापार मॉनमथ स्ट्रीट, पेटिकोट लेन आणि हाउंड्सडिच या भागांत एकवटला होता. तरुण चार्ल्स डिकन्सने मॉनमथ स्ट्रीटवरील टांगलेल्या कपड्यांकडे पाहून त्यांच्या पूर्वीच्या मालकांची आयुष्ये कल्पिली. त्याचा तो लेख १८३६ च्या ‘स्केचेस बाय बॉझ’ या संग्रहात आहे. परंतु या व्यापाराचे खरे शास्त्रशुद्ध वर्णन केले ते हेन्री मेह्यू या पत्रकाराने. १८४९ पासून त्याने लंडनच्या श्रमिकांविषयी वृत्तपत्रातून लिहिले आणि पुढे ‘लंडन लेबर अँड द लंडन पुअर’ हा ग्रंथ सिद्ध झाला. हाउंड्सडिचच्या जुन्या कपड्यांच्या पेढीवर कोणता कपडा कोठून येतो, कोण घेतो आणि पुढे त्याचे काय होते, हे त्याने बारकाईने नोंदविले आहे.

चिनी मातीची आणि काचेची भांडी डोक्यावर घेऊन दारोदार फिरणारे आणि त्यांच्या बदल्यात जुने कपडे नेणारे फेरीवाले मेह्यूच्या वर्णनात भेटतात. मराठी वाचकाला येथे बोहारीण आठवल्याशिवाय राहणार नाही. घरातील जुना कपडा पैशात न मोजता भांड्यात मोजण्याची ही रीत दोन्ही समाजांत स्वतंत्रपणे रुजली, याचे कारण उघड आहे. कपडे ‘विकणे’ हे प्रतिष्ठित घराला कमीपणाचे वाटे, भांडे घेणे वाटत नसे.

मेह्यूच्या मते गुडघ्यापर्यंत येणारा लांब कोट हा जुन्या कपड्यांतील सर्वांत उपयोगी जिन्नस. त्याला नवी कॉलर लावता येई, बाह्यांची टोके बदलता येत, अस्तर बदलता येई. टेबलावर कोपरे टेकून काम करणाऱ्याच्या बाहीचा खालचा भाग विरला असेल तर दुसऱ्या जुन्या कोटाचा जुळणारा तुकडा तेथे बसवला जाई. शिवणींवर पांढुरकेपणा आला असेल तर मायफळ, लॉगवुड या झाडाच्या गाभ्याचा रंग आणि थोडा हिराकस यांचे मिश्रण फासून कोट पुन्हा काळा केला जाई. असा कोट रविवारी घालणारे कारागीर, तसेच दिसण्याविषयी दक्ष असणारे कारकून आणि दुकानातील नोकर हे त्याचे गिऱ्हाईक, असे तो सांगतो. मायफळ आणि हिराकस ही त्या काळच्या लिहिण्याच्या शाईचीही मुख्य द्रव्ये होत. दिवसभर कागदावर शाई चालविणाऱ्या कारकुनाच्या कोटाच्या शिवणीवरही जवळजवळ तीच शाई चढलेली असे!

जो कोट यानेही सुधारत नसे त्याच्या घेराच्या कापडाच्या टोप्या आणि मुलांची जाकिटे होत. त्याखालची पायरी म्हणजे लोकरीच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढणे. यॉर्कशायरमधील बॅटली येथे बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास हा ‘शॉडी’ नावाचा धंदा सुरू केला. त्यातूनही उरलेला कचरा केंटमधील हॉप्सच्या मळ्यांत खत म्हणून पडे. कोटाच्या या उतरंडीत वरच्या दिशेने जाणारी वाट एकच होती, ती म्हणजे पुनर्शिवण.

उलटवलेला कोट

पुनर्शिवणाचा सर्वांत जुना प्रकार म्हणजे कोट ‘उलटवणे’. सर्व शिवणी उसवायच्या, कापडाची न विटलेली आतली बाजू बाहेर घ्यायची आणि कोट पुन्हा शिवायचा. कापड जाड आणि महाग होते तोपर्यंत हे परवडे. मेह्यूने फ्रान्समधील या रीतीचा दाखला म्हणून मोलियेरच्या नाटकातील कंजूष आर्पागोंचे उदाहरण दिले आहे आणि लंडनमध्ये ही चाल आता पूर्वीइतकी राहिली नाही, असेही म्हटले आहे. उलटवलेल्या कोटाची खूण मात्र लपत नसे. डावीकडील छातीचा खिसा उजवीकडे जाई, आणि काजांची बाजूही बदले. जाणकाराच्या नजरेला एवढे पुरेसे होते.

येथे शिवणकामाचे एक मूलतत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. शिंप्याला कापड कमी करता येते, वाढवता येत नाही. वाढीव कापड असलेच तर ते शिवणीच्या आत ठेवलेली ‘माया’ एवढेच. मराठी शिंप्यांच्या बोलीतील हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. पहिल्या शिंप्याने जेवढी माया सोडली असेल तेवढाच दुसऱ्या मालकाला कोट सैल होऊ शकतो. उत्तम प्रतीच्या दुकानात शिवलेल्या कोटाच्या पाठीला आणि विजारीच्या मागील शिवणीला भरपूर माया असे, स्वस्त तयार कोटाला नसे. म्हणून नव्या स्वस्त कोटापेक्षा जुना उंची कोट शहाण्या गिऱ्हाइकाला अधिक हवासा वाटे. खांद्यांच्या बाबतीत मात्र कोणतीही माया कामी येत नाही. कॉलर, बाही आणि छातीतील कॅनव्हास हे सारे तेथे एकत्र येत असल्याने खांदा बदलणे म्हणजे कोट नव्याने शिवणेच होय. जुना कोट निवडताना आधी खांदे पाहावेत, बाकीचे नंतर, हा नियम त्यातूनच आला.

या तत्त्वाच्या प्रकाशात टेलकोटाची अडचण स्पष्ट होते. टेलकोट पुढून कमरेपाशी आडवा कापलेला आणि मागे गुडघ्यापर्यंत लोंबणारा असतो. त्याला कमरेवर आडवी शिवण असते. आखूड, अखंड बेताच्या लाउंज कोटापासून तो होऊच शकत नाही, कारण मागील शेपटांसाठी कापडच नसते. दिवसाच्या औपचारिक फ्रॉककोटापासून रचनेच्या दृष्टीने तो शक्य होता. त्यालाही कमरेची शिवण असते, आणि पुढचा घेर कापून टाकला की मागचा भाग उरतो. परंतु फ्रॉककोट हाच मुळात सुखवस्तू माणसाचा कोट. ज्याच्यापाशी केवळ एक साधा सूट होता त्याला टेलकोटाच्या युगात बाजारातून दुसऱ्याचा टेलकोट आणून अंगाबरोबर करून घेण्यावाचून मार्ग नव्हता.

ज्यांच्यापाशी स्वतःचा होता त्यांचीही धडपड कमी नव्हती. ग्रोस्मिथ बंधूंच्या ‘द डायरी ऑफ अ नोबडी’ (पुस्तकरूपाने १८९२) या विनोदी पुस्तकातील कारकून पूटर लॉर्ड मेयरच्या मेजवानीपूर्वी आपला ड्रेसकोट आणि विजार कोपऱ्यावरील छोट्या शिंप्याकडे सुरकुत्या काढण्यासाठी पाठवतो. सुरकुत्या पडल्या, कारण कपडे वर्षानुवर्षे घडीतच होते. आणि मेजवानीत त्याला भेटतो कोण, तर आपल्याच वस्तीतील लोखंडी सामानाचा दुकानदार! पूटरची तेथील निराशा हास्यास्पद असली तरी तिच्यात सामाजिक सत्य आहे. पोशाखाने दार उघडते, आणि ते दुसऱ्यासाठीही उघडते.

लंडनमध्ये शिकायला आलेल्या हिंदी विद्यार्थ्यांपुढे हाच प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात उभा राही. १८८८ मध्ये बॅरिस्टरीसाठी गेलेल्या मोहनदास गांधींनी आत्मकथेत लिहिले आहे की, मुंबईत शिवलेले कपडे इंग्रज समाजात शोभणार नाहीत असे वाटून त्यांनी नवे घेतले आणि बाँड स्ट्रीटवर संध्याकाळचा सूट शिवून घेण्यात दहा पौंड घालवले. पुढे याच गांधींनी लंडनमधील राहणी काटकसरीची करून पैन्‌ पै चा हिशेब ठेवला, हे पाहता त्या दहा पौंडांचे वजन कळते. मुंबईचा बेत चालणार नाही या भीतीची ही किंमत होती. जुन्या बाजाराची वाट परक्या मुलखातील नवख्या विद्यार्थ्याला सहसा दिसत नाही. ती दिसायला शहर अंगवळणी पडावे लागते.

डिनर जॅकेटचे आगमन

१८६५ मध्ये लंडनच्या हेन्री पूल या शिंपी पेढीने युवराजासाठी, म्हणजे पुढील काळातील सातव्या एडवर्डसाठी, गर्द निळ्या रंगाचे एक आखूड जाकीट शिवले. सँड्रिंगहॅम येथील घरगुती जेवणासाठी शेपटांचा कोट नको, एवढाच त्याचा उद्देश होता. १८८० च्या दशकात अमेरिकेतील न्यूयॉर्कजवळील टक्सीडो पार्क येथे या प्रकारच्या जाकिटाची चाल पडली आणि तेथे त्याला त्या गावाचेच नाव चिकटले. पहिल्या महायुद्धानंतर काळा टाय आणि डिनर जॅकेट हा संध्याकाळचा नित्य पोशाख झाला; टेलकोट मोठ्या समारंभांपुरता उरला.

राजवाड्यातील आळसातून निघालेल्या या कपड्याचा सर्वांत मोठा लाभ ज्यांना झाला त्यांचा विचार युवराजाने खचितच केला नसेल. डिनर जॅकेट म्हणजे रचनेने लाउंज कोटच. दोहोंतील भेद बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि बहुतेक भेद काही काढून टाकण्याचे किंवा वरून लावण्याचे आहेत. त्यामुळे कापड वाढवता येत नाही हे शिंप्याचे जुने बंधन येथे आड येत नाही.

गर्द काळ्या, बिनरेघी लोकरीच्या सुटाचे रूपांतर साधारणतः असे होई. लॅपेलवर साटिनचे किंवा बारीक आडव्या रेघांच्या ग्रोग्रेन रेशमाचे पांघरूण चढवून कडेने हाताने बारीक टाके घालायचे. खिशांवरच्या झडपा उसवून काढायच्या म्हणजे खाली चिरेचा साधा खिसा उरतो. पाठीमागची फट शिवून टाकायची. शिंगाची बटणे काढून रेशमाने मढवलेली लावायची. दोन बटणांचा कोट एका बटणाचा करताना वरच्या काजाचे काय करायचे, हा खरा प्रश्न. काज बुजवले तर रफू दिसते. म्हणून लॅपेलची मोड वाफेच्या इस्त्रीने खाली, उरलेल्या बटणापर्यंत आणली जाई. मग वरचे काज मोडीच्या आत जाते आणि त्यावर रेशीम येते. झाकण्यासाठीच जणू रेशीम लावले, असे वाटावे इतके हे चपखल बसते. जाकिटाचा गळा कापून खोल करता येतो. विजारीच्या बाहेरच्या शिवणीवर फीत लावली जाते, डिनर जॅकेटला एक आणि टेलकोटाला दोन ओळींची. पट्ट्यासाठीचे कापडी लूप काढून आत गॅलिससाठी बटणे लावली जातात. तळाशी दुमडलेली कड उलगडली तर जुन्या घडीची झिजलेली रेघ मात्र तशीच दिसत राहते. तेथे विजारीची उंची थोडी कमी करण्याखेरीज उपाय नाही.

काम येथेच संपत नसे. वापरलेल्या काळ्या लोकरीला कोपरांवर आणि बैठकीवर चकाकी येते आणि काळ्या रंगात हिरवट झाक उतरते. दिवसा हे खपून जाई, दिव्याखाली नाही. खरे तर नव्या काळ्या कापडालाही कृत्रिम प्रकाशात हा दोष जाणवे. त्यावर उपाय म्हणून दोन महायुद्धांमधील काळात ड्यूक ऑफ विंडसरने गर्द निळ्या रंगाच्या संध्याकाळच्या कपड्यांचा पुरस्कार केला, कारण ते दिव्याखाली काळ्याहून काळे दिसतात. जुन्या गर्द निळ्या सुटाला यामुळे अनपेक्षित प्रतिष्ठा लाभली. सोळा आण्यांचा काळा नसलेला सूटही आता चालणार होता, आणि तो चालण्याला राजघराण्याचा आधार होता. चकाकी घालविण्यासाठी मात्र ओल्या फडक्यावरून वाफ देणे, अमोनियाच्या पाण्याने पुसणे आणि उलट्या दिशेने ब्रश फिरवणे हे घरगुती उपायच चालत. ते बहुतांशी बायकांच्या हातचे काम. शिंप्याचे देयक तरी कोठे सापडते. या कष्टांची नोंद कोणत्याच वहीत नाही.

ज्यांना हेही जमत नसे त्यांच्यासाठी भाड्याची सोय निघाली. मोझेस मोझेस या व्यापाऱ्याने १८५१ मध्ये लंडनमध्ये उत्तम प्रतीच्या जुन्या कपड्यांचे दुकान काढले. तेच पुढे मॉस ब्रदर्स झाले. चार्ल्स पाँड नावाच्या एका शेअरदलालाचे दिवस फिरले, मेजवान्यांत करमणूक करून तो पोट भरू लागला, आणि त्यासाठी लागणारा संध्याकाळचा सूट तो या दुकानातून पुनःपुन्हा उसना नेई. त्यातूनच १८९७ मध्ये भाड्याचा व्यवहार सुरू झाला, अशी हकीकत या पेढीच्या परंपरेत सांगितली जाते. हकीकतीतील अलंकरण वजा केले तरी महत्त्वाचे ते उरतेच. भाड्याच्या पोशाखाचा जन्म जुन्या कपड्यांच्या दुकानात झाला, आणि त्याचे पहिले गिऱ्हाईक पाहुणा नसून पाहुण्यांसमोर कष्ट करणारा मनुष्य होता.

कुपनांचे दिवस

दुसऱ्या महायुद्धाने या कौशल्याची खरी परीक्षा घेतली. १ जून १९४१ रोजी ब्रिटनमध्ये कपड्यांवर नियंत्रण आले. पहिल्या वर्षी प्रत्येकी ६६ कुपने मिळाली. पुरुषाच्या लोकरी कोटाला १३, विजारीला ८ आणि जाकिटाला ५, म्हणजे एका पूर्ण सुटाला २६ कुपने जात. वर्षभराच्या वाट्यातील एवढा भाग संध्याकाळच्या कपड्यावर घालवणे सामान्य माणसाला शक्य नव्हते. जुन्या कपड्यांना मात्र कुपने लागत नसत, फक्त किमतीची मर्यादा पाळावी लागे. हाउंड्सडिचचा कमीपणा एका सरकारी आदेशाने असा पुसला गेला. १९४२ च्या काटकसरीच्या नियमांनी नव्या सुटाचे खिसे मोजून दिले, दुहेरी छातीचे कोट आणि विजारीची दुमडलेली कड बंद केली. युद्धपूर्व जुना सूट त्यामुळे नव्यापेक्षा कापडाने समृद्ध ठरला.

१९४३ मध्ये सरकारने ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. कपडे उसवणे, उलटवणे, ठिगळ लावणे या ज्या गोष्टी आजवर गरिबाने पडदा लावून केल्या त्या आता राष्ट्रकार्य झाल्या. या काळात रूपांतराची दिशाही पालटली. सैन्यात गेलेल्या पुरुषांचे सूट उसवून त्यांतून स्त्रियांचे कोट आणि स्कर्ट निघू लागले. पुरुषाच्या सुटात कापड भरपूर आणि कापून कमी करायला वाव मोठा, म्हणून शिवणकामाच्या हिशेबाने हे सोपेच. परंतु परतलेल्या पुरुषाला आपला सूट पत्नीच्या अंगावर दिसला तेव्हा काय वाटले असेल, हा प्रश्न शिवणकामाचा नाही. त्याला सरकारकडून सेवामुक्तीचा एक तयार सूट मिळे, आणि समारंभाचा प्रसंग आला तर तोच पुढे करावा लागे.

कपड्यांवरील नियंत्रण १५ मार्च १९४९ रोजी उठले. त्यानंतरच्या दशकांत तयार कपड्यांच्या कारखान्यांनी कोटाच्या छातीतील हाताने टाचलेल्या कॅनव्हासऐवजी उष्णतेने चिकटवलेले अस्तर वापरण्यास सुरुवात केली. टाके उसवता येतात, चिकटवलेले कापड उसवता येत नाही. लॅपेलची मोड एकदा बसली की ती खाली आणणे कठीण. शिवणीतील मायाही कारखान्यांनी काही मिलिमीटरांवर आणली. काळ्या सुटावर रेशीम चढवून देणारे शिंपी लंडनमध्ये त्यानंतरही राहिले, मात्र अशा कामासाठी त्यांना आधी हाताने शिवलेला जुना कोट शोधावा लागे.